लघवीत साखर आली म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी फाटली का?

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष आणि कांदा उत्पादकाच्या मुलाने विचारलेला प्रश्न असा आहे. वडिलांना 10 वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. रक्तदाबासाठी ते टेल्मिसार्टन घेतात आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांना डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली. आता उपाशीपोटीची साखर 118 येते, म्हणजे आटोक्यात आहे. परंतु लघवीच्या तपासणीत साखर ‘चार प्लस’ दिसली, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ; गाळण कमी झाले की तो रक्तात वाढतो) 1.1 वरून 1.2 झाले आणि बांधावर लघवी केली की तेथे मुंग्या जमतात. ‘किडनीची चाळणी फाटली’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे घरचे सगळे घाबरले आहेत. चाळणी खरोखर फाटली आहे का आणि गोळी बंद करावी का, असे त्यांना विचारायचे आहे.

उत्तर आधी देतो: गाळणी फाटलेली नाही आणि या तीन कारणांसाठी गोळी बंद करण्याची गरज नाही. साखर गाळणीतून खाली उतरणे हा मुळी बिघाडच नव्हे. ती तुमच्या, माझ्या आणि प्रत्येक निरोगी माणसाच्या गाळणीतून रात्रंदिवस उतरतच असते. एरवी ती लघवीत दिसत नाही, कारण गाळणीच्या पुढे असलेली नलिका ती उचलून पुन्हा रक्तात पोहोचवते. वडिलांच्या गोळीने हे परत उचलण्याचे काम काही अंशी मुद्दाम थांबवले आहे. नाशिकमध्ये इतकी वर्षे मूत्रपिंडाचे रुग्ण तपासताना ‘मूत्रपिंड म्हणजे चाळणी’ ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटली आहे आणि तिच्यामुळे लोक नको तेथे घाबरतात व घाबरायला हवे तेथे निश्चिंत राहतात. म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

हृदय दर मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन 300 ग्रॅमच्या आसपास असले, तरी या रक्ताचा साधारण पाचवा भाग, म्हणजे लिटरभर किंवा थोडे अधिक, त्यांच्याकडे जातो. त्यातून मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर द्रव गाळला जाऊन नलिकांमध्ये उतरतो आणि दिवसभराचा हिशेब 180 लिटरपर्यंत जातो. शरीरातील रक्तद्रव जेमतेम 3 लिटर असतो, म्हणजे तोच द्रव दिवसातून 60 वेळा गाळला जातो. लघवी मात्र दीड लिटरच्या आसपास होते. उरलेले 178 लिटर पाणी आणि त्यात विरघळलेले जवळजवळ दीड किलो मीठ नलिकांनी परत रक्तात घातलेले असते. आपण दिवसभरात जेवढे मीठ खातो साधारण तेवढेच बाहेर टाकले जाते.

जे टाकायचे तेवढेच वेचून टाकण्याऐवजी मूत्रपिंड सगळे बाहेर काढून 99 टक्के परत का घेते, हा प्रश्न विचारी माणसाला पडतोच. तुमच्या घरी कांदाचाळ असेल, तर उत्तर अंगणातच आहे. चाळीत भरलेल्या कांद्यातून सडलेला कांदा हात घालून शोधता येत नाही. तो काढायचा तर माल बाहेर ओतावा लागतो, पसरावा लागतो आणि चांगला कांदा निवडून पुन्हा भरावा लागतो. या पद्धतीत खराब कांद्याचे सगळे प्रकार ओळखता येण्याची गरज उरत नाही, चांगला ओळखता आला की पुरते. जो परत भरला गेला नाही तो आपोआप बाहेर राहिला. शरीराला पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्ले अशा उपयोगाच्या पदार्थांची यादी ठाऊक असते, परंतु आज अन्नातून किंवा औषधातून कोणता अनोळखी पदार्थ रक्तात येईल हे ठाऊक नसते. म्हणून सगळे गाळून ओळखीचे परत घेणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. तो खर्चिक मात्र आहे. परत घेण्याच्या या श्रमापोटी, शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का असलेले हे दोन अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी 7 टक्क्यांच्या आसपास वापरतात.

आता गाळणीकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिची नलिका मिळून झालेले घटक, असतात, आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ, म्हणजे ग्लोमेरुलस, असतो. शरीरात इतरत्र केशवाहिनीच्या पुढे शीर लागते. येथे मात्र गुच्छात रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि गुच्छातून रक्त नेणारीही धमनीच असते. दोन्ही टोकांना आवळता आणि सैल सोडता येणारी तोटी असल्याने गुच्छातील दाब इतर केशवाहिन्यांच्या जवळजवळ दुप्पट ठेवता येतो आणि हाच दाब द्रवाला गाळणीतून खाली रेटतो. या दोन तोट्या ध्यानात ठेवा, कारण क्रिएटिनिनचा खुलासा त्यांच्यातच आहे. गाळणीचे थर तीन असतात: केशवाहिनीचे छिद्रयुक्त अस्तर, त्याबाहेरचा जाळीदार पडदा आणि त्यावर बोटांत बोटे गुंतवावीत तशी पावले रोवून बसलेल्या पोडोसाइट या पेशी. या थरांतून पाणी, मीठ, युरिया, साखर हे लहान रेणू सहज जातात. रक्तपेशी अडतात आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने आकारामुळे व विद्युतभारामुळे जवळजवळ पूर्ण अडतात. जे थोडेसे निसटते तेही पुढची नलिका गोळा करते. म्हणून गाळणी खराब झाल्याचा पुरावा हवा असेल, तर तो लघवीतील साखरेत मिळत नाही, अल्ब्युमिनमध्ये मिळतो. मधुमेहात गाळणीला इजा होऊ लागली की सर्वांत आधी साधारणतः तेच वाढते, तेही अनेकदा लघवीला फेस येण्याच्या कितीतरी आधी आणि कोणतेही दुखणे नसताना.

साखर गाळणीतून उतरते हे कोणी पाहिले, असा प्रश्न पूर्वी शास्त्रज्ञांमध्येही वादाचा होता. 1924 मध्ये अमेरिकेत वर्न आणि रिचर्ड्स या दोघांनी बेडकाच्या मूत्रपिंडातील एकेका ग्लोमेरुलसभोवतीच्या संपुटात केसाहून बारीक काचनळी घालून गाळलेला द्रव थेंबाच्या अंशाने गोळा केला. त्या द्रवात साखर आणि क्लोराइड होते, प्रथिने नव्हती. आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातील लघवीत मात्र साखर नव्हती. गाळणीत असलेली साखर मूत्राशयापर्यंत पोहोचत नाही, तर ती वाटेत कोणीतरी परत घेतली, याहून वेगळा निष्कर्ष निघत नाही. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बेडकाने 100 वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

साखर परत घेण्याचे काम गाळणीला लागून असलेल्या पहिल्या नलिकेत होते. रक्तातील साखर 100, म्हणजे लिटरमागे 1 ग्रॅम, धरली, तर 180 लिटर द्रवातून दिवसाला 180 ग्रॅम साखर या नलिकेत उतरते. नलिकेच्या भिंतीवर सोडियम आणि साखर यांना जोडीने आत घेणारी वाहक प्रथिने असतात. सुरुवातीच्या भागातील एसजीएलटी 2 हा वाहक सुमारे 90 टक्के साखर उचलतो आणि पुढच्या भागातील एसजीएलटी 1 उरलेली उचलतो. साखरेला आत ओढण्याची ताकद सोडियमकडून येते; पेशीच्या मागच्या बाजूला असलेला सोडियमचा पंप ऊर्जा खर्च करून सोडियम सतत रक्ताकडे हाकलत असतो, त्यामुळे पेशीत सोडियमचा तुटवडा राहतो, आणि बाहेरचे सोडियम आत शिरताना साखरेचा हात धरून तिलाही आत आणते. अमिनो आम्ले आणि फॉस्फेट हेही अशाच जोडीने परत येतात. याच भागात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतले जाते आणि बायकार्बोनेटचाही मोठा वाटा येथेच वाचवला जातो.

वाहकांची संख्या ठरलेली असल्याने त्यांच्या कामालाही मर्यादा असते. रक्तातील साखर साधारण 180 च्या वर गेली की काही नलिकांवरचा भार त्यांच्या कुवतीबाहेर जातो आणि साखर लघवीत दिसू लागते. लाखो नलिका एकसारख्या सशक्त नसल्यामुळे सगळ्या एकाच क्षणी हरत नाहीत. म्हणून ही रेषा माणसागणिक थोडी पुढेमागे होते, गरोदरपणात ती बरीच खाली येऊ शकते आणि जुन्या मधुमेहात अनेकदा वर सरकते. आपल्या वैद्यकाने ज्या रोगाला मधुमेह हे नाव दिले आणि लघवीला मुंग्या लागणे हे ज्याचे लक्षण सांगितले, त्यातील मुंग्या या रेषेपलीकडे सांडलेल्या साखरेवर येत होत्या.

वडिलांच्या बाबतीत ही रेषा औषधाने खाली आणली आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा करण्यात आला. तो दिल्यावर लघवीत साखर उतरते हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले होते; तो हे वाहक अडवतो, हे पुढे स्पष्ट झाले. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे त्याच कल्पनेतून घडवलेली आहेत आणि ती मुख्यतः एसजीएलटी 2 ला अडवतात. मूत्रपिंडाचे काम चांगले असलेल्या मधुमेही व्यक्तीत त्यामुळे दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम साखर लघवीतून जाते. बाकीची एसजीएलटी 1 वाचवतो. याचा अर्थ असा की ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीत रक्तातील साखर उत्तम असतानाही ‘चार प्लस’ येणारच आणि मुंग्याही येणारच. गोळी नियमित घेतली जात असल्याची ती खूण आहे. काही कुटुंबांत या वाहकाचा जनुकच जन्मतः सदोष असतो आणि अशा व्यक्तींच्या लघवीत आयुष्यभर साखर जाते. त्यांची मूत्रपिंडे त्यामुळे खराब होत नाहीत, हे या औषधांकडे वळताना मोठे आश्वासक निरीक्षण होते.

आता क्रिएटिनिनचे पाहू, कारण 1.1 चे 1.2 होणे हे गोळीच्या उपयोगाशी जोडलेले आहे. प्रत्येक नलिका पुढे वळसा घेऊन आपल्याच गुच्छाच्या तोंडाशी परत येते आणि तेथे तिच्या भिंतीतील काही पेशी द्रवात मीठ किती उरले आहे हे चाचपतात. मीठ जास्त आले तर गाळण वाजवीपेक्षा अधिक होत आहे असे समजून त्या रक्त आणणारी तोटी किंचित आवळतात. मधुमेहात साखर जास्त उतरते, म्हणून पहिली नलिका साखरेसोबत सोडियमही जास्त ओढून घेते. पुढे मीठ कमी पोहोचते, पेशींची फसगत होते आणि त्या तोटी सैल सोडतात. गुच्छात दाब वाढतो, गाळण वाढते आणि कित्येक वर्षे हा वाढीव दाब सोसता सोसता गाळणीचे थर झिजतात. गोळीने वाहक अडवला की मीठ पुन्हा त्या पेशींपर्यंत पोहोचते, तोटी आवळली जाते, दाब उतरतो. दाब उतरला की गाळण थोडे कमी होते आणि क्रिएटिनिन थोडे चढते. टेल्मिसार्टन हेच काम दुसऱ्या टोकाने करते. ते बाहेर नेणारी तोटी सैल करते. सुरुवातीच्या काही आठवड्यांतील ही किरकोळ वाढ नंतर सहसा स्थिरावते आणि पुढच्या वर्षांतील घसरण मंदावते. ती वाढ 30 टक्क्यांपेक्षा जास्त असेल किंवा चढतच राहिली, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. 1.1 वरून 1.2 ही वाढ तर प्रयोगशाळेच्या मोजमापातील फरकानेही दिसू शकते.

पहिल्या नलिकेच्या पुढचा प्रवास तुमच्या प्रश्नाच्या थोडा बाहेर असला, तरी उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्यांसाठी तो मला महत्त्वाचा वाटतो. नलिका मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते आणि वळून पुन्हा वर येते. 1862 मध्ये हेन्ले यांनी वर्णन केलेले हे वळण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. उतरत्या बाजूतून पाणी बाहेर जाऊ शकते, मीठ फारसे नाही; चढत्या बाजूतून मीठ बाहेर काढले जाते, पण पाण्याला तेथे वाट नसते. शेजारून उलट दिशांनी वाहणाऱ्या दोन पाटांसारख्या या रचनेमुळे गाभ्यात मीठ आणि युरिया साठत जातात आणि सर्वांत खोल भागातील खारटपणा रक्ताच्या चौपट होतो. शेवटी सर्व नलिकांचा द्रव गोळा करणाऱ्या वाहिन्या याच खारट भागातून खाली जातात. शरीरात पाणी कमी पडले की मेंदूकडून एक संप्रेरक येते, या वाहिन्यांच्या भिंतीत पाण्याची दारे उघडतात आणि पाणी गाभ्यात ओढले जाऊन रक्तात परतते. एप्रिलमधील खरड छाटणीच्या वेळी दुपारी होणारी गडद, थोडी लघवी ही या यंत्रणेची कामगिरी असते. तिलाही सीमा आहे: दिवसाचा टाकाऊ माल विरघळवण्यासाठी निदान 400 ते 500 मिलिलिटर लघवी लागतेच, त्याखाली माल आत साचू लागतो.

गाळणे आणि परत घेणे याखेरीज तिसरे काम म्हणजे स्रवण. गाळणीतून एका फेरीत रक्तद्रवाचा पाचवा हिस्साच खाली उतरतो; उरलेले रक्त गुच्छातून बाहेर पडून त्याच नलिकांभोवती केशवाहिन्यांचे जाळे करते. नलिकेच्या पेशी या रक्तातून काही पदार्थ वेचून थेट द्रवात टाकतात. पेनिसिलिन असेच बाहेर पडते आणि इतक्या झपाट्याने पडते, की 1940 च्या दशकात हे औषध दुर्मीळ असताना रुग्णांच्या लघवीतून ते पुन्हा मिळवले जाई. पुढे हा मार्ग अडवण्यासाठी प्रोबेनेसिड वापरले गेले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषधही याच मार्गाने जाते, म्हणूनच मूत्रपिंड अशक्त झाले की त्याचा डोस कमी करावा लागतो. क्रिएटिनिनचा मोठा भाग गाळणीतून जात असला, तरी थोडा भाग स्रवणानेही जातो; त्यामुळे लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी घेतल्यावर गाळण जसेच्या तसे असूनही क्रिएटिनिन वाढलेले दिसते. गाळले गेलेले पोटॅशियम सुरुवातीच्या भागांत जवळजवळ सगळे परत घेतले जाते आणि लघवीत दिसते ते बहुतांशी शेवटच्या भागाने, अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या आज्ञेने, नव्याने टाकलेले असते. टेल्मिसार्टन ही आज्ञा मंदावते. म्हणून मूत्रपिंड अशक्त असताना अशा गोळ्यांसोबत ‘कमी सोडियमचे’ मीठ, ज्यात पोटॅशियम क्लोराइड असते, स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रोजच्या आहारातून तयार होणारे आम्लही नलिका अशाच टाकत असतात.

आता वडिलांची काळजी खरोखर कोठे घ्यायची ते सांगतो. छाटणीनंतर कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा तत्सम वेदनाशामक गोळी आणून घेणे ही सवय आपल्या भागात फार आहे. उन्हाने किंवा जुलाबाने शरीरातील पाणी घटले, की गाळण टिकवण्यासाठी मूत्रपिंड रक्त आणणारी तोटी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या पदार्थांच्या मदतीने उघडी ठेवते आणि नेणारी आवळते. वेदनाशामक पहिली मदत काढून घेते, टेल्मिसार्टन दुसरी; वर लघवी वाढवणारी गोळी असेल, तर गुच्छातील दाब कोसळतो आणि धडधाकट माणसाची लघवी दोन दिवसांत बंद होऊ शकते. असे रुग्ण मी दर उन्हाळ्यात पाहतो आणि प्रत्येक वेळी वाटते की ही गोष्ट त्यांना महिनाभर आधी कोणी सांगायला हवी होती. वडिलांना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. इतर गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उलट्या, जुलाब, तीव्र ताप, अन्न न जाणे किंवा निर्जळी उपवास अशा दिवशी डापाग्लिफ्लोझिन तात्पुरते थांबवावे लागते आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीही. याचे कारण मूत्रपिंडाला असलेल्या धोक्यापुरते नाही: अशा वेळी रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप किंवा गुंगी आली, तर साखर ठीक दिसते म्हणून घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. अशा दिवसांत टेल्मिसार्टनचे आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचे काय करायचे हेही डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. लघवीत साखर असल्याने त्या जागी बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो; रोज स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे ठेवावे, खाज किंवा लाली आली तर संकोच न करता सांगावे.

तपासण्यांचे म्हणाल, तर लघवीतील साखर यापुढे पाहण्यात अर्थ नाही. साखरेसाठी रक्ताची तपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी पुरे आहे. त्याऐवजी सकाळच्या लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासून घ्या. ते 30 च्या खाली असेल, तर गाळणी आज शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. वर आले, तर एका अहवालावर न थांबता पुढील तीन महिन्यांत ते पुन्हा पाहावे लागेल, कारण ताप, जोरदार श्रम किंवा संसर्ग यांनीही ते तात्पुरते वाढते. सोबत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करा. पाठवलेल्या अहवालात प्रथिने ‘निरंक’ लिहिलेली आहेत, ही चांगली बाब आहे. मात्र साध्या पट्टीला थोडे अल्ब्युमिन ओळखता येत नाही, म्हणून गुणोत्तराचा आग्रह धरतो आहे. नमुना देताना चिठ्ठीवर ‘डापाग्लिफ्लोझिन चालू’ एवढे दोन शब्द ठळक लिहा, म्हणजे अहवाल वाचणाऱ्याला साखर कोठून आली ते कळेल.